स्कॅन गेला कुठे?

मंडळी, हॉस्टेल ऑफिसातलं ते मोठं झेरॉक्स मशीन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल. आपण त्याला 'झेरॉक्स' म्हणतो, पण ते प्रिंटही काढतं आणि स्कॅनही करतं. कागद काचेवर ठेवायचा, स्क्रीनवर 'ऑफिस' असं लिहिलेलं बटण दाबायचं, मग हिरवं बटण. थोड्याच वेळात तो कागद पीडीएफ होऊन काकांच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. मध्ये ना पेन ड्राइव्ह, ना केबल. ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की ती बंद पडेपर्यंत कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

आणि ती बंद पडली ती नेमकी महाडीबीटीच्या दिवसांत. ज्यांनी हा फॉर्म कधी भरलेला नाही त्यांना सांगते, राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं हे पोर्टल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, सगळं स्कॅन करून चढवायचं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा फॉर्म असेल तर वर हॉस्टेलचं सर्टिफिकेट. शेवटच्या तारखेला तीन दिवस उरलेले, ऑफिसबाहेरची लाईन जिन्यापर्यंत, आणि मशीनच्या स्क्रीनवर मेसेज : 'कनेक्शन फेल्ड. चेक सेटिंग्ज.' यापलीकडे मशीन काहीही सांगायला तयार नाही.

"अगं, तू कॉम्प्युटरला आहेस ना? बघ ना जरा," काका म्हणाले. मी थर्ड इयरला, 'कॉम्प्युटर नेटवर्क्स'चा पेपर नुकताच झालेला, मार्कही बरे. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आधी परिस्थिती सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुना पीसी विंडोज ११ घेण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून ऑफिसात नवा आला. ज्याने तो बसवला त्याने आयपी पत्ता जुन्याचाच दिला, त्याच नावाचा फोल्डर केला, 'शेअर' केला आणि तो गेला. म्हणजे वरवर पाहता सगळं जसंच्या तसं. स्कॅनरला हात लावलेला नव्हता. तरी स्कॅन जात नव्हता.

मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. मोबाईलवर व्हिडिओ लावला. पहिल्या व्हिडिओने सांगितलं, 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन 'एसएमबी १.०'समोर टिक करा आणि रीस्टार्ट मारा. केलं. नाही चाललं. दुसऱ्याने सांगितलं, पॉवरशेल उघडा आणि ही एक ओळ टाका, 'सायनिंग'ची सक्ती निघून जाईल. टाकली. तरी नाही. तिसऱ्याने सांगितलं, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा आणि फोल्डरवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' द्या. दिलं. आणि मशीनने 'ट्रान्समिशन कम्प्लीट' म्हटलं! लाईनमधल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, काकांनी कटिंग पाजला. मी एकदम हिरो. (हिरॉईन म्हणा.)

त्या दिवशी संध्याकाळी रूमवर सहज फोनमधला फाईल मॅनेजर उघडला. त्यात 'नेटवर्क' असा एक टॅब असतो, तो मी कधी दाबला नव्हता. दाबला. आपल्या हॉस्टेलच्या वायफायवरून ऑफिसचा पीसी दिसला. त्यावर बोट ठेवलं, फोल्डर उघडला. नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही. दिवसभराचे सगळे स्कॅन तिथे ओळीने मांडलेले. कुणाच्या वडिलांचं वार्षिक उत्पन्न, कुणाचं बँकेचं पासबुक, कुणाचं आधार कार्ड. आणि एक कागद असा, ज्याबद्दल त्या मुलीने आम्हा कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कसला, ते इथे लिहीत नाही. वाचायला नको होता, पण वाचून झाला होता. शिवाय 'फुल कंट्रोल' म्हणजे नुसतं बघणं नव्हे. वायफायवर असलेल्या कुणीही ते सगळं पुसून टाकलं असतं तरी चाललं असतं.

काका तर तोवर कल्याण स्लो पकडून गेलेले. मी रेक्टर मॅडमकडे गेले, खरं काय ते सांगितलं. त्यांनी किल्ली काढली, आम्ही दोघींनी जाऊन पीसी बंद केला. मॅडम रागावल्या नाहीत. "उद्या नीट कर" एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मी नक्की काय करून ठेवलं होतं ते समजून घेऊ, कारण हे तिन्ही व्हिडिओ अजून आहेत, आणि लोक ते बघून 'थँक्यू सर, वर्किंग' असं लिहितायत.

पहिली गोष्ट, जी मला स्वतःला त्या रात्री पुस्तक उघडल्यावर कळली. या सगळ्या प्रकारात स्कॅनर हा 'क्लायंट' असतो आणि काकांचा पीसी 'सर्व्हर'. आपल्याला उलटं वाटतं, कारण मशीन मोठं आणि पीसी छोटा. पण दार ठोठावतो तो स्कॅनर, आणि दार उघडायचं की नाही हे ठरवतो पीसी. म्हणून मशीनच्या स्क्रीनवर कारण सापडत नाही. आत का घेतलं नाही हे वॉचमनला माहीत असतं, बाहेर उभ्या असलेल्या कुरिअरवाल्याला नाही.

हे दोघं ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एसएमबी, म्हणजे 'सर्व्हर मेसेज ब्लॉक'. ही भाषा १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम या इंजिनियरने तयार केली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि वाढवली. त्या काळी ऑफिसात चार-सहा कॉम्प्युटर एका वायरला जोडलेले असायचे आणि सगळे एकमेकांच्या ओळखीचे. संशय कुणावर घ्यायचा? नव्वदीच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने वायरवरून जाणारे मेसेज बघून बघून हीच भाषा युनिक्सला शिकवली. तो प्रोग्रॅम म्हणजे 'सांबा'. एस, एम आणि बी ही अक्षरं असलेला शब्द त्याने डिक्शनरीत शोधला आणि त्याला 'सांबा' सापडला! आज बाजारात मिळणाऱ्या 'नॅस'च्या डब्यांत बहुतेक करून हाच सांबा असतो. त्यामुळे तुमच्याकडे पीसीऐवजी नॅस असला तरी पुढचं सगळं लागू पडतं. २०१९ च्या सांबा ४.११ पासून तिथेही जुनी भाषा मुळातच बंद ठेवलेली असते.

ही 'जुनी भाषा' म्हणजे एसएमबी १. व्हिस्टाबरोबर एसएमबी २ आली, विंडोज ८ बरोबर ३. पण जुनी कुणी काढून टाकली नाही, कारण जगातली लाखो मशीनं तीच बोलत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचं काम बघणाऱ्या नेड पाइल यांनी जाहीरपणे लिहिलं की कृपा करून एसएमबी १ वापरणं थांबवा. फारसं कुणी ऐकलं नाही. १४ मार्च २०१७ ला तिच्यातल्या एका मोठ्या भोकासाठी पॅच आला, पुढच्याच महिन्यात त्या भोकातून घुसायचं हत्यार उघड्यावर आलं, आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटल्सना अपॉइंटमेंट्स रद्द कराव्या लागल्या. ते लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. २७ जून २०१७ ला युक्रेनमधून नॉटपेट्या सुटला. एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर त्याने जगभर झोपवले. त्याच समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आपल्या न्हावाशेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. तिथलं काम ठप्प झालं. कांजूरहून बघितलं तर खाडीच्या पलीकडे, दक्षिणेला. ऑगस्टमध्ये कंपनीने नुकसानीचा अंदाज दिला तो २० ते ३० कोटी डॉलरचा.

एक खरं सांगायला हवं : नॉटपेट्या फक्त एसएमबी १ मुळे पसरला नाही. एका मशीनवर चोरलेले पासवर्ड वापरून तो पुढच्या मशीनवर जायचा, अगदी पॅच केलेल्यांवरसुद्धा. पण ज्या दाराची मी त्या दिवशी टिक करून कडी काढली, ते दार त्याने वापरलेल्या दारांपैकी एक होतं. ऑक्टोबर २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ आपोआप बसवणंच बंद झालं, ते उगाच नाही.

आता 'सायनिंग'. सायनिंग म्हणजे सही. स्कॅनर आणि पीसी यांच्यातल्या प्रत्येक मेसेजवर एक गणिती सही असते, आणि ती सही करायची किल्ली पासवर्डवरून तयार होते. मध्ये बसून कुणी मेसेज बदलला तर सही जुळत नाही आणि पीसी बोलणं तोडतो. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन या प्रकारांत ही सही सक्तीची झाली. त्यामुळे जगभरात कित्येक ऑफिसांत नवा पीसी आला आणि जुना स्कॅनर मुका झाला. आपल्या एकट्याचं काही वाकडं नव्हतं.

आणि तिसरा व्हिडिओ. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं की विंडोजमधलं 'गेस्ट' नावाचं अकाउंट जागं होतं. मग ओळख न पटलेला जो कोणी येईल तो पाहुणा म्हणून आत. गंमत बघा : पाहुण्याला पासवर्ड नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. म्हणजे सहीची सक्ती काढल्याशिवाय पाहुणा आत येऊच शकत नाही. दुसऱ्या व्हिडिओने कुलूप काढलं, म्हणून तिसऱ्याला दार काढता आलं. माझा प्रॉब्लेम सुटला नव्हताच. पीसीने विचारणंच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी आणि काका ऑफिसात. सगळ्यात आधी तिन्ही गोष्टी होत्या तशा केल्या : एसएमबी १ ची टिक काढली, सही परत सक्तीची, पासवर्ड परत चालू, 'एव्हरीवन'ची हकालपट्टी. रीस्टार्ट. लाईनमधल्या मुलींना सांगितलं की तोपर्यंत पेन ड्राइव्ह आणा. मशीनच्या बाजूला यूएसबीचं भोक असतंच, त्यात थेट स्कॅन होतो. हे आदल्या दिवशी कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. शेवटच्या तारखेची भीती तिथेच निम्मी गेली, आणि डोकं शांत ठेवून काम करता आलं.

मग क्रमाने. आधी मशीनचा आणि पीसीचा एकमेकांशी संपर्क आहे का? मशीनच्या मेनूतून 'कॉन्फिगरेशन पेज' छापून त्याचा आयपी घेतला, पीसीवरून पिंग केलं. उत्तर आलं. एक मिनिटाचं काम.

मग फायरवॉल. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असं लेबल लावतं. पब्लिक म्हणजे स्टेशनवरच्या फुकट वायफायसारखं, तिथे फाईल शेअरिंग बंद असतं. राउटर बदलला किंवा पीसी नवीन असला की लेबल पब्लिक असायची दाट शक्यता. आपलं प्रायव्हेट होतं. पोर्ट ४४५ उघडं आहे की नाही हे माझ्या लॅपटॉपवरून पॉवरशेलच्या 'टेस्ट-नेटकनेक्शन'ने बघितलं. उघडं होतं.

यापुढची पायरी माझी सगळ्यात आवडती. इलेक्ट्रिकलवाले वायरमधला फॉल्ट कसा शोधतात? मधोमध मीटर लावून, फॉल्ट इकडच्या अर्ध्यात की तिकडच्या, हे आधी ठरवतात. इथे तो मीटर म्हणजे माझा लॅपटॉप. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये जो पत्ता, जे यूजरनेम आणि जो पासवर्ड भरलाय, अक्षरशः तोच घ्यायचा आणि लॅपटॉपवरून त्या फोल्डरमध्ये शिरायचा प्रयत्न करायचा. लॅपटॉप आत गेला तर दोष स्कॅनरचा. लॅपटॉपलाही हाकललं तर दोष पीसीचा. पाच मिनिटांत अर्धं जग बाद! हे आधी केलं असतं तर तिन्ही व्हिडिओ बघायची वेळच आली नसती.

लॅपटॉपला हाकललं. 'युजरनेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट.'

साहजिक होतं. मशीनमध्ये भरलेलं यूजरनेम जुन्या पीसीवरचं. नव्या पीसीवर त्या नावाचं कुणी राहतच नव्हतं. काकांना विचारलं, "काका, नव्याचा पासवर्ड काय?" त्यांनी चार आकडे सांगितले. "रोज तोच टाकतो मी." तो पिन होता. विंडोजचा पिन फक्त त्याच मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून येणाऱ्याला पिन चालत नाही, खरा पासवर्डच लागतो. आणि पासवर्ड ठेवलेलाच नसेल तरी चालत नाही, कारण रिकाम्या पासवर्डचं अकाउंट विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. हा पिन-पासवर्डचा घोळ मी त्यानंतर दोन ओळखीच्यांच्या ऑफिसात पाहिला.

(इथे ज्याला 'ऑथेंटिकेशन' म्हणतात त्यासाठी संपादक मंडळाने मला 'प्रमाणीकरण' हा शब्द दिला होता. मी कॉन्व्हेंटची, तो शब्द मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. 'ओळख पटवणं' म्हणूया ना.)

तर ओळख पटवण्यासाठी पीसीवर एक नवीन साधं अकाउंट बनवलं, फक्त स्कॅनरसाठी. ॲडमिन नाही. लांब पासवर्ड. काकांचं स्वतःचं अकाउंट मशीनमध्ये भरायचं नाही, कारण त्यांनी कधी पासवर्ड बदलला की स्कॅन बंद, आणि मशीनमधून कुणी पासवर्ड काढलाच तर काकांचं सगळंच उघडं. अजून एक बारीक गोष्ट : विंडोजमध्ये अशा अकाउंटच्या पासवर्डची मुदत मुळात ४२ दिवस असते. 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'वर टिक केली नाही तर साधारण दीड महिन्याने स्कॅन बंद पडतो, आणि तोपर्यंत आपण काय केलं होतं हे सगळे विसरलेले असतात.

फोल्डरच्या परवानग्या दोन ठिकाणी असतात आणि इथे भलेभले फसतात. 'शेअरिंग' टॅबमधली एक, 'सिक्युरिटी' टॅबमधली दुसरी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि दोघींत जी जास्त कडक ती चालते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं म्हणून फ्लॅटचं दार आपोआप उघडत नाही, तसंच. मी पहिल्यात दिली, दुसऱ्यात विसरले, 'ॲक्सेस डिनाइड' आलं. शेवटी स्कॅनरच्या अकाउंटला फक्त त्या एका फोल्डरवर 'मॉडिफाय'. नुसतं 'राइट' पुरेल असं वाटतं, पण बरीच मशीनं आधी तात्पुरत्या नावाने फाईल ठेवतात आणि मग नाव बदलतात, ते नुसत्या 'राइट'ने जमत नाही. काकांना 'मॉडिफाय'. तिसऱ्या कुणाला काही नाही.

फोल्डर काकांनी डेस्कटॉपवर केला होता, नाव 'विद्यार्थी कागदपत्रे'. मशीनच्या स्क्रीनवर त्या नावाच्या जागी नुसते चौकोन. वाईट वाटलं, पण शेअरचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मध्ये स्पेस न सोडता ठेवलं, आणि फोल्डर सरळ डी ड्राइव्हवर हलवला. फोल्डरवर मराठी नावाचा शॉर्टकट काकांसाठी डेस्कटॉपवर आहेच.

आता लॅपटॉप नव्या अकाउंटने आत गेला. म्हणजे पीसीची बाजू स्वच्छ. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये तेच भरलं, हिरवं बटण दाबलं.

'कनेक्शन फेल्ड. चेक सेटिंग्ज.'

पण आता फरक होता. दोष कुठल्या अर्ध्यात आहे हे माहीत होतं. आणि वॉचमनची वही वाचायची हेही कळलं होतं. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' असतो. त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीसर्व्हर, ऑपरेशनल असं आत आत गेलं की एक यादी दिसते. तिथे इव्हेंट १००१ रांगेने बसलेले. त्यात साध्या इंग्रजीत लिहिलेलं होतं की एका क्लायंटने एसएमबी १ वापरून यायचा प्रयत्न केला आणि ती बंद असल्यामुळे त्याला नाकारलं. खाली पत्ता. आपल्याच स्कॅनरचा. तारीख पहिल्या दिवसाची! मी बाजूला बसून व्हिडिओ बघत होते, आणि पीसीने केव्हाच उत्तर लिहून ठेवलं होतं. (नाव-पासवर्ड चुकलं असेल तर ते दुसरीकडे सापडतं : 'सिक्युरिटी' लॉगमध्ये, इव्हेंट ४६२५.)

म्हणजे मशीनला नवीन भाषा शिकवायची. मशीनच्या मेंटेनन्सवाल्यांना काकांनी फोन लावला आणि मी सांगितलं तेच शब्द वापरले : "फर्मवेअर अपडेट हवाय, एसएमबी दोन-तीनचा." 'स्कॅनर चालत नाही' म्हटलं असतं तर माणूस येऊन काच पुसून गेला असता. दुपारी एक जण पेन ड्राइव्ह घेऊन आला, वीस मिनिटांत अपडेट झाला, आणि नेटवर्कच्या मेनूत एसएमबीची आवृत्ती निवडायची सोय आली. आम्ही २ आणि ३ ठेवून १ बंद केली. सही करायचं मशीनला आपोआप जमायला लागलं, वेगळं काही करावं लागलं नाही.

हिरवं बटण. आणि परत फेल. काका म्हणाले, "जाऊ दे बाळा, पेन ड्राइव्ह बरा आहे आपला." मी वही उघडली. यावेळी १००१ नव्हता, ४६२५ होता. म्हणजे भाषा कळली, ओळख पटली नाही. पासवर्ड परत भरला, तोच निकाल. मेंटेनन्सवाला मशीनच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, डेट बघा." अपडेटनंतर मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. ओळख पटवताना मशीन जे उत्तर पाठवतं त्यात वेळही असते, म्हणजे कुणी जुनं उत्तर चोरून परत वापरू नये. वेळेत फार फरक असला की पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. मोठ्या कंपन्यांत केर्बेरॉस ही पद्धत असते, तिथे तर मुळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. तारीख-वेळ लावली. हिरवं बटण.

'ट्रान्समिशन कम्प्लीट.' या वेळी टाळ्या नाहीत, कारण लाईन पेन ड्राइव्ह घेऊन कधीच पांगली होती.

ज्यांच्या मशीनला फर्मवेअर मिळत नाही त्यांचं काय, असं काहींनी विचारलं. माझं मत : पेन ड्राइव्ह किंवा ईमेलवर स्कॅन करा. एफटीपीचा पर्याय जुन्या मशीनमध्ये हमखास असतो, पण त्यात पासवर्ड उघडाच वायरवरून जातो. आणि जिथे लोकांचे दाखले ठेवलेत त्या पीसीवर एसएमबी १ चालू करू नका, मशीन कितीही महाग असलं तरी.

दोन गोष्टी नंतर झाल्या. पीसीला पत्ता राउटरकडून मिळत असेल तर लाईट जाऊन आल्यावर तो बदलू शकतो, आणि स्कॅनर जुन्याच पत्त्यावर जाऊन उभा राहतो. कांजूरला फास्टची वाट बघत उभं राहण्यासारखंच ते. म्हणून राउटरमध्ये पीसीचा पत्ता राखून ठेवला. दुसरी गोष्ट मॅडमनी नेटवर्क बघणाऱ्या सरांकडे नेली. सरांनी ऑफिसचं नेटवर्क हॉस्टेलच्या वायफायपासून तोडून वेगळ्या 'व्हीलॅन'वर टाकलं. त्यात मशीन मात्र चुकून आपल्याच बाजूला राहिलं, आणि अर्धा दिवस परत 'कनेक्शन फेल्ड'. यावेळी पिंगलाच उत्तर आलं नाही, त्यामुळे पहिल्या पायरीवरच सापडलं.

ज्या मुलीचा तो कागद होता तिला मी आठवड्याने सांगितलं की मी तो पाहिला होता. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "अजून कुणी?" मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दिवशी फोल्डर कोणी कोणी उघडला याची नोंद ठेवणं मी चालू केलेलं नव्हतं, आणि विंडोज ती आपणहून ठेवत नाही. आता ठेवतो. फोल्डरच्या 'ऑडिटिंग'मध्ये ती सोय आहे. आणि दर शुक्रवारी काका कामाचे स्कॅन पीसीवर दुसरीकडे हलवून फोल्डर रिकामा करतात.

मशीनच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय, त्यावर वरच्या पायऱ्या माझ्या अक्षरात आहेत, पासवर्ड नाही. पासवर्ड मॅडमच्या कपाटात. मेमध्ये मी इंटर्नशिपला जाईन तेव्हा स्कॅन बंद पडला तर आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती बरोबर असेल तर लॅपटॉप काढा.